लाल टाका

घरच्या थोरल्या माणसाला हॉर्न वाजवून बाहेर बोलवायचं, ही कुठली रीत? पहिल्यांदा वाजला तेव्हा थोरलीनं मान वर केली नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, दातांत धरलेला दोरा तोडला आणि म्हणाली, "बघ रे, कोण बोंबलतंय. दुकानाची एवढी मोठी पाटी दिसत नाही का त्याला?"

मुलगा दारापर्यंत गेला आणि तिथूनच आवाज खाली आणून म्हणाला, "आई, काकू आहे."

"मग? पाय मोडलेत तिचे?"

"गाडीत बसलीय. ती नवी गाडी."

"नवी नाही. जुनी आहे," थोरली म्हणाली. हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं. गेल्या सहा दिवसांत चहावाल्यापासून समोरच्या चष्मेवाल्यापर्यंत ज्यानं ज्यानं विचारलं, "तुमच्या धाकट्या जावेनं जर्मन गाडी घेतली म्हणे?" त्याला तिनं हेच ऐकवलं होतं. आणि प्रत्येक जण तेच उत्तर द्यायचा. "जुनी असली तरी जर्मन आहे हो!" या 'तरी'नं तिचं जेवण गोड लागेनासं झालं होतं.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला. थोरली उठली. गुडघे कुरकुरले, त्यांना तिनं मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि मांडीवरची धाग्यांची गुंतवळ झटकत ती दारात येऊन उभी राहिली.

गाडी काळी होती आणि लांब होती. शेजारच्या मेकॅनिकच्या दारातल्या दोन गाड्या तिच्यापुढं पोरक्या वाटत होत्या. मेकॅनिक स्वतः हात पुसत बाहेर आला होता आणि एखाद्या लग्नघरी बोलावणं नसताना गेल्यासारखा लांबूनच बघत होता. गाडीची काच चार बोटं खाली झाली. त्या फटीतून धाकटीचा गॉगल आणि अर्धं कपाळ दिसलं.

"या ना, जाऊबाई! पूर्ण काच नाही उघडत हं, आतला गारवा जातो. आणि तुमच्या त्या चिकटाच्या वासानं माझं डोकं चढतं, माहितेय ना तुम्हाला."

माहीत होतं. नवरी म्हणून घरात आली त्या आठवड्यात धाकटी एकदाच या दुकानात आली होती. नाकाला रुमाल लावून उभी राहिली, तीन मिनिटांत गेली. त्याच चिकटानं, त्याच मशीनवर, थोरलीनं आणि तिच्या नवऱ्यानं आधी सायकलच्या सीटा शिवल्या, मग रिक्षांच्या, मग मोटारींच्या. भाऊजींचं कॉलेज याच मशीनवर शिवलं गेलं. भाऊजी शिकले, ऑफिसर झाले आणि शिकलेली बायको करून आणली. नवरा गेला, मशीन राहिलं, थोरली त्याच्यासमोर राहिली. धाकटीकडं मात्र एकेक वस्तू येत गेली. आधी फ्रीज, मग फ्लॅट, मग त्या फ्लॅटला बाल्कनी, मग बाल्कनीत झोका. प्रत्येक वस्तू बघायला थोरली जायची, "छान आहे" म्हणायची आणि घरी येऊन दोन दिवस भांडी आपटायची.

"काय काम काढलंस?" तिनं विचारलं.

"काम कसलं! तुम्हाला दाखवायला आले. सगळे बघून गेले, तुम्हीच राहिलात." धाकटीनं शेवटी दार उघडलं. "आणि एक बारीकसं आहे. माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात टीप अडकली आणि उसवली. ड्रायव्हरच्या सीटला, बाजूनं. बोटभरच आहे. तुमच्याकडं या जातीचा दोरा असेल असं नाही, पण हे म्हणाले, वहिनींना विचार तर खरं."

थोरली वाकली आणि तिनं डोकं आत घातलं.

आयुष्यभर मोठ्या गाड्यांत ती अशीच शिरली होती. गुडघे टेकून, दाभण ओठांत धरून, पाठ रस्त्याकडं करून. हजारभर सीटा तिच्या हातांखालून गेल्या असतील, पण टेकून ती एकीतही बसली नव्हती. लोकांच्या गाड्या, लोकांच्या सीटा. उगीच कुणी म्हणायला नको.

काळं चामडं, त्यावर राखाडी दोरा. दुहेरी टीप. दोन्ही रेघा शेवटपर्यंत एकमेकींना धरून चालल्या होत्या. वळणावर ना सुरकुती, ना झोल. टाक्याशेजारी टाका असा बसला होता की मोजून घ्यावा. थोरलीनं त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. गाडीचं सोड, गाडी लोखंडाची असते. पण ही शिलाई! असं काम आपल्या हातून झालं असतं तर आपण त्याची पाटी केली असती.

धाकटीनं ते बरोबर टिपलं. बाकी काही नाही तरी नजर तिची तिखट होती. "बघितलंत? ओरिजिनल आहे. कंपनीतूनच आलेली. तो डीलर म्हणाला, मॅडम, ही शिलाई बघा आणि मग बोला. इथल्या कुणाला जन्मात जमायची नाही. तुमचं वाईट नाही म्हणत हं मी. तुमचं तुमच्या जागी छानच असतं."

"कुठला डीलर?"

"ते नाही का, हायवेच्या कडेला काचेचं दुकान? फार गोड बोलतो. स्वतः चहा करून दिला."

म्हणजे गोड्या. खरं नाव काही का असेना, या गल्लीत त्याला सगळे गोड्याच म्हणत. थोरलीच्या दुकानातलं निम्मं काम त्याच्याकडून यायचं.

"आणि लेखी घेतलंय," धाकटी म्हणाली. "सात दिवसांत गाडीत काही लपवलेलं निघालं तर परत घ्यायची. आज सातवा. संध्याकाळी जाऊन शेवटच्या सह्या केल्या की झालं. बसा ना, एक चक्कर मारू! पाय तेवढे पुसा, गालिचाही ओरिजिनल आहे."

"मला काम आहे," थोरली म्हणाली. "गाडी ठेवून जा. तासाभरानं ये."

धाकटी समोर चष्मेवाल्याकडं गेली. नवीन फ्रेम बघायची होती म्हणे. काउंटरवर टेकून ती त्यालाही गाडीचंच सांगत होती, हे रस्त्याच्या अलीकडून हातवाऱ्यांवरून कळत होतं.

उसवलेली टीप बाहेरून शिवली तर गाठ दिसते. अडाणी कारागीर तसं करतो. थोरली तसलं काम करत नसे. तिनं सीट पुढं सरकवली, खाली हात घालून कव्हर धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पकडीनं एकेक सोडवल्या आणि कव्हर मोज्यासारखं उलटं करत वर ओढलं.

आणि थांबली.

कव्हरच्या आतल्या बाजूला, पाठीमागच्या शिवणीत, जिथं कुणाची नजर कधी जायची नाही तिथं, लाल दोऱ्याचे तीन टाके होते. दोन उभे आणि एक त्यांना छेदून जाणारा.

थोरली दुसरीतून शाळेबाहेर पडलेली. बँकेत अंगठा उठवायची. नवरा जिवंत असताना एकदा तो म्हणाला होता, "सगळे आपापल्या कामाखाली सही करतात, तू पण कर." तिनं विचारलं, "कशानं करू?" त्यानं लाल दोऱ्याचं रीळ तिच्या हातात दिलं. तेव्हापासून तिच्या हातची प्रत्येक सीट हे तीन टाके पोटात घेऊन जायची. गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. गोड्यालाही माहीत नव्हतं.

आधी तिला हसू आलं. असं हसू आलं की गाडीच्या आत डोकं ठेवूनच ती हसली, आणि बाहेरून बघणाऱ्या मेकॅनिकला वाटलं की म्हातारीला ठसका लागला. जर्मन शिलाई! इथल्या कुणाला जन्मात न जमणारी! जिच्यावर ती मघापासून जळत होती ती तिची स्वतःचीच टीप निघाली. काखेत कळसा नि गावाला वळसा. धाकटी सहा दिवस गावभर जे मिरवत होती, ते थोरलीच्या हातचं होतं. इतक्या वर्षांत इतकं गोड तिच्या तोंडात काही पडलं नव्हतं.

मग तिची नजर टाक्यांवरून खालच्या फोमवर गेली, आणि तो गोडवा जिभेवरच आंबला.

फोमवर पिवळट रेघ होती. चहाचा कप तसाच ठेवला तर आत राहते तशी, सरळ, चारी बाजूंनी एका उंचीवर. पाण्याची रेघ. तिनं बोटानं फोम दाबला. बोटाला बारीक, मऊ माती लागली. सीटखाली तारांचा जुडगा होता, त्याच्या टोकांवर हिरवा गंज चढला होता.

तिला सगळं आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वी गोड्याच्या टेंपोतून पाच सीटा आल्या होत्या. नुसत्या सीटा, गाडी नाही. सोबत परदेशी दोऱ्याची रिळं होती. "मावशी, अशी शिवा की कंपनीवालाही फसला पाहिजे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" फोमला कुबट वास येत होता. तिनं विचारलं, "ही गाडी बुडाली होती का रे?" गोड्या हसला. "मावशी, तुम्ही शिलाई बघा, पाणी मी बघतो. फोम बदलू नका, वाळवा फक्त."

तिनं वाळवला होता. चार दिवस, दुकानाच्या पत्र्यावर, उलटसुलट करून. आपलं काम शिलाईचं, असं स्वतःला सांगितलं होतं. गाडी कुणाची, कुणाच्या गळ्यात पडणार, आपल्याला काय करायचंय! आणि मग सगळं कसब त्या कव्हरांत ओतलं होतं. आयुष्यातली सगळ्यात सरळ टीप तिनं चिखलावर मारली होती.

"आई?" मुलगा मागं येऊन उभा राहिला होता. त्यानंही रेघ बघितली.

"गोड्याच्या त्या सीटा," तो म्हणाला.

"हं."

"सांगू नकोस. एक तर गोड्याचं काम जाईल, म्हणजे निम्मं दुकान गेलं. आणि दुसरं, काकू काय म्हणेल? जाऊबाई जळल्या म्हणेल. गावही तेच म्हणेल."

"चुकीचं म्हणेल का?"

तो आत गेला.

थोरली तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मनात एक कोपरा होता, बाल्कनीतल्या झोक्याच्या दिवसापासून राखून ठेवलेला, तो बोलायला लागला. कशाला सांगतेस? तुला विचारलं होतं का तिनं घेताना? गल्लीतल्या मेकॅनिकला दाखवली? हजार सीटा उसवलेली बाई घरात असताना काचेच्या दुकानातल्या चहाला भुलली. संध्याकाळी सह्या होतील. मग एक दिवस भर चौकात गाडी बंद पडेल, मागून सगळे हॉर्न वाजवतील, आणि ही गॉगल लावून आत बसलेली असेल. वाजू देत. थोरलीला ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं की तिला त्यातल्या रिक्षावाल्याचा शर्टसुद्धा दिसला.

तिनं उसवलेली टीप तेव्हाच्या उरलेल्या परदेशी दोऱ्यानं आतून शिवली. कव्हर खाली ओढलं. कड्या एकेक करून आवळल्या. लाल टाके पुन्हा अंधारात गेले.

धाकटी आली, वाकली आणि बोटानं चाचपून बघितलं.

"अगदी बेमालूम जमलंय! म्हणजे, नीट बघितलं तर कळतंच." तिनं बोट दोन वीत पुढं सरकवलं. "हा तुमचा टाका, आणि हा ओरिजिनल. शेजारी शेजारी ठेवलं की फरक कळतो. पण चालेल. कोण बघायला येतंय इतकं?"

दोन्ही टाके थोरलीचेच होते. तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "हो, कोण बघतंय."

धाकटी आत बसली. दार असं मऊ मिटलं की आवाजसुद्धा श्रीमंत वाटला. काच चार बोटं खाली आली.

"आणि हो, जाऊबाई, एक राहिलं. उद्या सकाळीच निघतोय आम्ही, लेकीला आणायला. बाळंतिणीला दवाखान्यातून सोडतायत. सात तासांचा रस्ता, सगळी डोंगरातली वळणं, म्हणून तर ही गाडी घेतली. येताना बाळ मागं असेल. तेवढी मागची सीट दाबून बघता का? तुमचा हात कळता आहे. बाळासाठी ठीक आहे ना, एवढं सांगा."

पहिल्यांदाच धाकटीनं तिला काही मनापासून विचारलं होतं. नेमकं हेच विचारायचं होतं का हिला!

थोरली मागच्या दारापाशी गेली. सीट दाबून बघायची गरज नव्हती. त्या सीटखालीही तीच रेघ होती, तशाच तारा होत्या. मेकॅनिक नेहमी सांगायचा, बुडालेली गाडी वर्षभर चालते आणि मग चालता चालता मरते. दिवे जातात, चाक दगडासारखं जड होतं, दारं आतून उघडत नाहीत. कुठं मरेल ते तिचं तिलाच माहीत नसतं. लोकांच्या सीटा शिवताना ती आजवर पुष्कळ गोष्टींवर गप्प बसली होती. पण 'सीट ठीक आहे का' या प्रश्नाला तिनं खोटं उत्तर कधी दिलं नव्हतं. कारण आजवर तसं कुणी विचारलंच नव्हतं.

"उतर खाली," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"उतर म्हणते ना. आणि तो गॉगल काढ."

तिनं पकड घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी आली. या वेळी कड्या सोडवल्या नाहीत, सरळ तोडल्या. कव्हर वर फेकलं आणि धाकटीचं मनगट धरून तिचा तळवा फोमवर दाबला. धाकटीनं हात मागं घेतला. बोटांवर मातीचा थर होता, अंगठीच्या खाचेतसुद्धा.

"हे काय आहे?"

"नदी आहे. नाहीतर नाला असेल. तुझी गाडी बुडालेली आहे. छपरापर्यंत नसेल, पण सीटपर्यंत नक्की. या तारा बघ. ही रेघ बघ."

"पण... शिलाई तर कंपनीची..." धाकटीचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

थोरलीनं कव्हर उलटं करून तिच्यासमोर धरलं. "हे तीन लाल टाके दिसतात? ही माझी सही. अंगठेबहाद्दराची सही. कंपनीची म्हणून गावभर मिरवलीस ती शिलाई या मशीनवर झालीय, तुझं डोकं चढतं त्या वासात."

धाकटीला ते समजायला वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सीटा आल्या तेव्हा माहीत होतं. कुणाच्या बुडाखाली जाणार, ते नव्हतं." बोलायची सवय असलेल्या बाईला पुढचं वाक्य जड गेलं. "मी विचारलं, तो हसला, मी गप्प बसले. माझं चुकलं ते तिथं. आत्ता मघाशी दुसऱ्यांदा चुकणार होते."

दुकानातून मुलगा बघत होता. थोरलीनं कात्री घेतली. आतल्या शिवणीपाशी, लाल टाक्यांच्या चारी बाजूंनी, चामड्याचा हातभर तुकडा तिनं कापून काढला. तिच्या हातची ती सगळ्यात चांगली टीप होती. कात्री त्या टिपेवरून गेली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, फक्त ओठ मिटले.

"चल, गोड्याकडं. सात दिवस अजून संपले नाहीत. तू कागद दाखव, मी हा तुकडा दाखवते. म्हणेल की कंपनीचं आहे, तर त्याच्याच दुकानात बसून असली दुसरी टीप मारून दाखवीन."

"आई, आपलं काम..." मुलगा दारात आला.

"आपलं काम शिलाईचं," ती म्हणाली, "चिखल झाकायचं नाही. त्या चहावाल्याच्या खुर्च्या शिवायच्या राहिल्यात, त्या घे पुढं."

मग ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली. दार उघडलं. दुकानातलं फडकं घेऊन तिनं एका पायाचा तळवा पुसला, मग दुसऱ्याचा, सावकाश, धाकटीला दिसेल असा. आणि आत बसली. गुडघे टेकून नाही. पाठ टेकून, हात मांडीवर, मांडीवर तो कापलेला तुकडा. सीट आरामशीर होती. पाठीला कुठं धरायचं ते तिनंच तर त्या कव्हरला शिकवलं होतं.

धाकटी उघड्या फोमवर वर्तमानपत्र घालून चाकापाशी बसली. तिनं गाडी सुरू केली नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिनं हात वर नेला आणि बोटावरची माती बघून तो तसाच खाली आणला.

"सगळ्यांनी बघितली हो गाडी," ती म्हणाली. "ह्यांचे मित्र, माझी भावंडं, शेजारचे. सगळे म्हणाले, छान आहे, छान आहे. आणि तुम्ही... तुम्ही तर पहिल्यापासून माझ्यावर जळता. मला काय कळत नाही?"

थोरलीनं समोरच्या काचेतून गल्लीकडं बघितलं. चष्मेवाला, चहावाला, मेकॅनिक, सगळे आपापल्या दारात आले होते. इथून गल्ली वेगळीच दिसत होती, थोडी खालची, थोडी लहान. म्हणजे हे असं दिसत होतं हिला.

"जळते," ती म्हणाली. "तू उंबरा ओलांडून आत आलीस त्या दिवसापासून जळते, आणि मरेपर्यंत जळेन, ते काही सुटायचं नाही. पण एक नीट ऐकून ठेव. माया करणाऱ्या तुझ्या सगळ्या माणसांनी गाडी बाहेरून बघितली आणि छान म्हटलं. मी जळते, म्हणून आत शिरून बघितली. पारख तुला ना माणसाची, ना गाडीची. चल, काढ आता. आणि माझ्या दारात जो हॉर्न वाजवलास ना, तो त्या लबाडाच्या दारात वाजव. चांगला लांब वाजव."